२९६ फक्त?

महोदय,

२०११च्या जनगणनेत देशभरात अवघे २९६ अँग्लो-इंडियन (युरोपीय-भारतीय मिश्र वंशाचे लोक) असल्याचे संसदेत सांगितले गेले. पुढे मुदतवाढ न मिळाल्याने जानेवारी २०२० मध्ये लोकसभेतील त्यांच्या दोन नामनियुक्त जागा संपल्या, विधानसभांतल्याही. जागांचे राहू द्या, पण २९६? एवढी डोकी तर आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत नाताळच्या नाचाला जमायची! माझे वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन. त्यांचे अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेब तापल्या फावड्यावर अंडी फोडून दोघांचा नाश्ता उरकायचे. नाताळात त्यांच्याकडून कुलकुलचा डबा यायचा, दिवाळीत आमच्याकडून अनारसे जायचे. ही पिढी हयात आहे तोवर रेल्वेने त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि जुने बंगले पाडण्याआधी निदान फोटो तरी काढावेत.

– एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ