बूस्ट कंट्रोलर संचाच्या माहितीपत्रकातील चुकीमुळे इंजिनाचे झालेले नुकसान : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : बूस्ट कंट्रोलर संचाच्या माहितीपत्रकातील चुकीच्या आकृतीमुळे इंजिनाचे झालेले नुकसान व नाकारलेली भरपाई.

महोदय,

आपल्याकडून घेतलेला बूस्ट कंट्रोलर संच (बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात भरत असलेल्या हवेचा जादा दाब, किती राहावा हे ठरवणारा) मी माझ्या १९९४ सालच्या टर्बो गाडीला बसवला आणि पहिल्याच चाचणीत इंजिनाचा तिसरा सिलिंडर निकामी झाला. माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या विभागाने ‘गाडी जुनी असल्याने इंजिन आधीच झिजलेले असावे’ एवढेच उत्तर देऊन भरपाई नाकारली. हे उत्तर मला मान्य नाही. ते देण्यापूर्वी मी पाठवलेली कागदपत्रे कोणी वाचली असतील, असेही मला वाटत नाही.

गाडी जुनी आहे याची जाणीव मला आपल्यापेक्षा अधिक आहे. ती मी गेली अकरा वर्षे स्वतः सांभाळत आहे. म्हणूनच संच बसवण्याआधी मी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (पिस्टन हवा दाबतो तेव्हाचा दाब) मोजून घेतले आणि ते १०.२ ते १०.६ बार भरले. कडक झालेल्या सर्व रबरी नळ्या बदलल्या, कारण वेस्टगेटकडे (धुराचा काही भाग टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या व त्यामुळे बूस्ट रोखणाऱ्या झडपेकडे) जाणारी एक नळी जरी फुटली तरी बूस्टला कोणताच लगाम उरत नाही. इंधन पंप नवा घातला, इंजेक्टर साफ करून प्रत्येकाचा प्रवाह तपासून घेतला, एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, स्पार्क प्लग ०.७ मिमी गॅपने लावले आणि बूस्ट व हवा-इंधन मिश्रण यांची एकत्र नोंद ठेवणारे उपकरण जोडले. या गाडीचा मूळ बूस्ट ०.७ बार आहे आणि मला तो केवळ ०.८५ बारपर्यंत, तोही टप्प्याटप्प्याने, न्यायचा होता.

आता आपल्या संचाकडे येतो. आपला कंट्रोलर म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेल्या गोळीचा साधा झडपवजा भाग आहे. टर्बोकडून येणारा दाब गोळीला स्प्रिंगविरुद्ध ढकलतो, झडप उघडते, दाब वेस्टगेट हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरपर्यंत पोहोचतो आणि वेस्टगेट उघडून बूस्ट थांबतो. नळ्या उलट जोडल्या तर तोच दाब गोळीला तिच्या बैठकीवर अधिक घट्ट बसवतो, अ‍ॅक्च्युएटरला काहीच कळत नाही आणि वेस्टगेट बंदच राहते. आपल्या माहितीपत्रकातील दुसऱ्या आकृतीत नळ्या नेमक्या अशा उलट दाखवल्या आहेत, आणि कंट्रोलरवर बाण किंवा अक्षर अशी कोणतीही खूण नाही. नुकसान झाल्यानंतर मी तो भाग काढून हवेच्या पंपावर तपासला. आकृतीप्रमाणे जोडल्यावर १.५ बार दाबालाही पलीकडे हवा गेली नाही; उलट बाजूने जोडल्यावर, स्प्रिंगचा ताण ठरवणारा स्क्रू पूर्ण सैल असताना, तो ०.२ बारलाच उघडला. या तपासणीचे चित्रीकरण मी आपल्याला आधीच पाठवले आहे.

छपाईची चूक कोणाकडूनही होऊ शकते, आणि तक्रार तेवढीच असती तर मी हे पत्र इतक्या तीव्रतेने लिहिले नसते. माझा खरा आक्षेप संचासोबत दिलेल्या छोट्या मॉड्यूलवर आहे, जे प्रेशर सेन्सरच्या तारेत बसवणे आपण ‘अनिवार्य’ ठरवले असून ज्याचे काम आपण ‘बूस्ट स्थिर ठेवणे’ असे छापले आहे. प्रत्यक्षात ते सेन्सरचा सिग्नल ०.९ बारच्या पातळीवर अडवून धरते. माझ्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, ०.९५ बारला इंधन तोडून इंजिन वाचवतो. हे संरक्षण निर्मात्याने अशाच प्रसंगासाठी दिलेले होते, आणि ते बंद होत असल्याचा एक शब्दही माहितीपत्रकात नाही. ०.८५ बारचे उद्दिष्ट असलेल्या मला त्या मॉड्यूलची गरजच नव्हती.

चाचणीत काय झाले ते नोंदीत स्पष्ट दिसते. माहितीपत्रकाप्रमाणे स्क्रू पूर्ण सैल होता, म्हणजे बूस्ट ०.७ बारच्या आसपासच राहायला हवा होता. तिसऱ्या गिअरमध्ये तो दोन सेकंदांत १.३ बारवर गेला. ईसीयूला मात्र ०.९ बारच दिसत असल्याने त्याने इंधनही तेवढ्यापुरतेच दिले. वातावरणाचा दाब धरून हिशेब केला तर १.९ बारच्या इंधनावर २.३ बारची हवा, म्हणजे सुमारे २१ टक्के जास्त हवा, इंजिनात शिरत होती आणि त्यामुळे हवा-इंधनाचे ११.५ असलेले प्रमाण १४ च्या जवळ पोहोचले. शिवाय इतक्या दाबाला कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा १०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते आणि ती थंड करणारा इंटरकूलर मूळ दाबासाठीच बनवलेला असतो. तापलेली हवा, अपुरे इंधन आणि ईसीयूने कमी दाब समजून पुढे ठेवलेली ठिणगीची वेळ हे तिन्ही एकत्र आल्यावर नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचे अनियंत्रित, ठोके देणारे ज्वलन) होणारच. आवाज ऐकताच मी पाय काढला, पण तोवर उशीर झाला होता. तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन ४ बारवर आले आहे, पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटली आहे आणि त्या प्लगच्या पांढऱ्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण चिकटलेले आहेत. ही झिजेची लक्षणे नाहीत. उरलेले तीन सिलिंडर आजही १० बारच्या वर आहेत, आणि जुनेपणा एकाच सिलिंडरला निवडून दोन सेकंदांत मोडत नाही.

या परिस्थितीत संचाची पूर्ण किंमत आणि इंजिन दुरुस्तीचा सोबत जोडलेल्या बिलाप्रमाणे संपूर्ण खर्च आपण मला द्यावा. त्याहून निकडीची मागणी अशी की, हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला आकृती चुकीची असल्याचे आणि मॉड्यूल मूळ संरक्षण बंद करत असल्याचे आपण तातडीने लेखी कळवावे आणि तोपर्यंत विक्री थांबवावी. अशा गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत, त्यांचे सुटे भाग महिनोन्महिने शोधावे लागतात, आणि माझ्यासारखाच कोणीतरी आज ती आकृती समोर ठेवून नळ्या जोडत असेल.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तांत्रिक विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास ग्राहक म्हणून मला उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने मी दाद मागेन. कंट्रोलर, मॉड्यूल आणि तुटलेला पिस्टन मी जपून ठेवले असून आपल्या तज्ज्ञाला ते माझ्या समक्ष केव्हाही तपासता येतील.

आपला विश्वासू,
संचाचा खरेदीदार

सोबत : खरेदीची पावती, संच बसवण्यापूर्वीचा व नंतरचा कॉम्प्रेशन अहवाल, चाचणीची नोंद, दुरुस्तीचे बिल, पिस्टन व प्लगची छायाचित्रे.