पेटीकाका, त्या पहाटेच्या झांजेबद्दल थँक्यू

पेटीकाका,

तोंडावर सांगायला आले की तुम्ही 'पुरो गो बाय' म्हणून हात हलवता आणि पावसापाण्याचं बोलायला लागता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल तुम्हाला, तिला सांगून ठेवलंय.

तुम्हाला माहीतच नाही त्या दिवसांत मी कशी होते. अकरावीपासून मी एका पॉप ग्रुपची फॅन होते, नाव लिहीत नाही, त्या मुलांचा काही दोष नाही. सुरुवातीला खरंच गाणीच आवडायची. मग फॅन ग्रुप जॉइन केला आणि तिथे टार्गेट असायचं, नवीन गाणं आलं की चोवीस तासांत इतके व्ह्यूज, आठवड्यात इतके स्ट्रीम्स, वोटिंग असेल तर वेगवेगळ्या ईमेलवरून वोट. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. माझा फोन, आईचा फोन आणि घरातला जुना टॅब, तिन्ही रात्रभर चालू ठेवून मी झोपायचे, आवाज अगदी बारीक, कारण पूर्ण बंद केला तर मोजत नाहीत असं ग्रुपवर सांगायचे. गाणं चालू आहे आणि ऐकणारं कोणी नाही, अशी किती रात्री गेली असतील. सकाळी उठून आधी आकडा बघायचा. आकडा कमी असला की दिवसभर कॉलेजमध्ये रडवेलं व्हायचं, एकदा त्यावरून जवळच्या मैत्रिणीशी भांडले ती आजपर्यंत बोलत नाही.

आणि अवॉर्ड्स! ग्रॅमीची, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या अवॉर्डची, नॉमिनेशन्स आली की आमच्या ग्रुपवर परीक्षेच्या रिझल्टसारखं वातावरण. मी खरंच समजत होते की आपण एवढे आकडे वाढवले तर ते द्यायलाच लागतील. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की ते देणाऱ्या अकादमीचे मेंबर वोट करतात, आपल्या स्ट्रीम्सचा तिथे हिशोब नसतो, आणि 2021 पर्यंत तर बऱ्याच कॅटेगरीत शेवटची नावं ठरवायला गुप्त कमिट्या होत्या. द वीकेंड नावाच्या गायकाचा 2020 मधला सगळ्यात गाजलेल्यांपैकी अल्बम आणि त्याला एकही नॉमिनेशन नाही, त्याने उघड बोंब मारली, मग 2021 मध्ये त्या कमिट्या बंद केल्या. अजून मागे गेले तर 1990 ला मिली व्हॅनिली नावाच्या जोडीला बेस्ट न्यू आर्टिस्ट दिलेलं परत घ्यावं लागलं होतं, कारण रेकॉर्डवरचे आवाज त्यांचे नव्हतेच.

पण मला खरं लागलं ते फेब्रुवारी 2024 ला. झाकीर हुसेनना एकाच दिवशी तीन ग्रॅमी मिळाले. मी तो शो बघायला सोमवारी सकाळी साडेसहाला उठून बसलेले, तर ते तिन्ही आधीच देऊन झालेले, टीव्हीवरचा मोठा शो सुरू व्हायच्या आधी एक वेगळा कार्यक्रम असतो, बहुतेक सगळे अवॉर्ड तिथेच वाटून टाकतात. तबल्याला मोठ्या शोमध्ये जागा नाही, पण रेड कार्पेटवर कोणी काय घातलं यावर तासन् तास. मी लॅपटॉप बंद केला. त्यानंतर काही महिने मी कुठलंच गाणं लावलं नाही काका, रिक्षातलं सुद्धा नको वाटायचं.

मग आला ऑगस्ट, गोव्यातल्या आपल्या वास्कोचा सप्ताह, नाव सप्ताह पण दामोदराच्या देवळात चोवीस तासांचं अखंड भजन. मावशी ओढून घेऊन गेली होती, मी फेरीतून, म्हणजे जत्रेच्या बाजारातून, खाजं घेऊन घरी परतणार होते. स्वतंत्र पथ रस्त्यावर असताना पाऊस असा कोसळला की आम्ही दामोदराच्या देवळात शिरलो आणि अडकलो ते अडकलोच. रात्रीचे तीन वाजून गेलेले. बाहेर फेरीचा कलकलाट कमी झालेला, आत तुमची सात-आठ जणांची पाळी चाललेली, आणि झांज वाजवणारा मुलगा उठून बाहेर गेला. तुम्ही पेटीवरून हात न काढता माझ्याकडे बघितलं आणि मानेनेच झांजेकडे खुणावलं. येते का, कुठून आलीस, काही विचारलं नाही. माझा पहिला ठोका चुकला, दुसरा पण, तुम्ही पायाने जमिनीवर ताल दाखवत राहिलात, आणि दहाएक मिनिटांनी माझे हात आपोआप पडायला लागले.

त्या गजरात कोणाचाच आवाज स्वच्छ नव्हता. रात्रभर गाऊन घसे बसलेले, एकाचा वरचा सूर फाटायचा, तो फाटला की शेजारचा उचलून घ्यायचा. मी ज्या गाण्यांवर वाढले त्यात असं काही शिल्लकच ठेवत नाहीत, 1997 ला ऑटोट्यून हे सूर सुधारणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हापासून सूर हलला की सरळ करून टाकतात. मला त्या फाटलेल्या सुराने गहिवरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वास्कोत रोगाची साथ आली तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराकडे जाऊन नारळ आणला आणि तिथून हे सुरू झालं, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. पण चोवीस तास गजर तुटू द्यायचा नाही म्हणजे काय, ते हातात झांज आली तेव्हा समजलं. कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. पाळी संपली तेव्हा दुसरे लोक येऊन बसले, तुम्ही पेटी त्यांच्याकडे सरकवली आणि चहाला गेलात, एवढंच. कोण किती वेळ गायला हे कोणी लिहून ठेवलं नाही.

दुसरं थँक्यू त्या पुढच्या रविवारचं. मी तुमच्या घरी आले आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं, तुम्ही मला उपदेश केला नाही, मोबाईलवर केसरबाई केरकरांची भैरवी लावलीत आणि फोन उलटा ठेवलात. 'आकडो पळोवं नाका', आकडा बघू नको, म्हणालात. साडेतीन मिनिटं. मी किती वर्षांनी एक गाणं स्क्रीनकडे न बघता शेवटपर्यंत ऐकलं. नंतर सांगितलंत की हीच भैरवी 1977 ला अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर गेली, आणि बाई आपल्या फोंड्यातल्या केरीच्या, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारल्या. मी लगेच म्हटलं, बघा, हे खरं अवॉर्ड! तुम्ही म्हणालात, त्यांना पद्मभूषण पण मिळालेलं 1969 ला, चांगलीच गोष्ट झाली, पण तू आता भैरवी ऐकलीस की तबकडी ऐकलीस? मग परत लावलीत.

पॉप मी पूर्ण सोडलं नाही काका, खोटं कशाला बोलू. त्या ग्रुपची दोन जुनी गाणी अजून आवडतात, हल्ली ती एकदाच लावते आणि नीट ऐकते. टॅब आईने रेसिपी बघायला घेतलाय.

तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसायला जमणार नाही म्हणून यंदा येत नाही असं तुम्ही म्हणता ते मी ऐकणार नाही. देवळात स्टुलावर बसून पेटी वाजवायला कोणी ना म्हणणार नाही, मी विचारून आलेय. पेटी मी दुरुस्तीला दिली होती, काल आणली, खालचा पंचम आता अडकत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी रात्री दोनला रिक्षा घेऊन दारात येते, तयार राहा.

तुमची,
शेजारच्या बिल्डिंगमधली झांजवाली