परवा माझी बायको माझ्याशी भांडली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

परवा रात्री माझी बायको माझ्याशी भांडली. भांडणाला अकरा मिनिटं लागली, कारण तिला बोलता येत नाही. तिला मोटर न्यूरॉन डिसीज आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. चार वर्षं होत आली. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोळे आणि डोकं मात्र शाबूत आहेत.

आमच्याकडे एक पुठ्ठा आहे. त्यावर मी जाड पेनाने वर्णमाला लिहिली आहे, शाळेत असते तशी, ओळीखाली ओळ. मी वरून खाली बोट नेत जातो : स्वर, क, च, ट, त, प, य, श. हवी ती ओळ आली की ती डोळे वर करते. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. नको असेल तर डोळे घट्ट मिटते. काना, मात्रा, वेलांटी आम्ही केव्हाच सोडून दिल्या. नुसत्या अक्षरांवरून शब्द ओळखायचा, ते माझं काम. कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ अशा क्रमाने ज्यांनी कुणी ही अक्षरं लावली, त्यांची आठवण मी रोज काढतो. ओळ सापडली की पाच अक्षरांत काम भागतं.

तर परवा तिने भ दिला. मग ड. मी म्हणालो, "भाडं?" डोळे मिटले. "भीड?" पुन्हा मिटले. मग य आला. "भांडूया?" डोळे वर.

मी पुठ्ठा घेऊन तिच्यासमोर नीट बसलो. पुढची सात अक्षरं अशी आली : व, च, र, त, न, ह, स. विचारत नाहीस.

खरंच होतं ते. दिवा कधी मालवायचा, कूस कधी बदलायची, खिडकी उघडी ठेवायची की बंद, कोण भेटायला येणार, सगळं मीच ठरवून मोकळा होत होतो. मी आधी सबबी सांगितल्या, मग चिडलो, मग गप्प बसलो. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. लग्नानंतर इतकी वर्षं माझी चूक झाली की बघत आली, अगदी तशी. त्या नजरेत आजार कुठेच नव्हता. शेवटी मी विचारलं, "दिवा राहू दे का?" डोळे वर. साडेअकरापर्यंत दिवा चालू ठेवून आम्ही दोघं छताकडे बघत पडलो होतो आणि मी कितीतरी महिन्यांनी आनंदात होतो.

साहेब, हे सगळं आपल्याला का सांगतोय, असं वाटेल. आमच्या घरातल्या भांडणाशी मंत्रालयाचा काय संबंध? संबंध आहे, म्हणूनच लिहितो आहे.

मी विचारायचं का थांबवलं, याचा दोन दिवस विचार केला. माया आटली म्हणून नाही. विचारायला वेळ लागतो म्हणून. तिला एक प्रश्न विचारला तर उत्तराला चार-पाच मिनिटं हवीत, आणि तेवढी मिनिटं माझ्या दिवसात शिल्लक राहत नाहीत. ती कुठे जातात ते मी वहीत लिहून काढलं. बरीचशी तिची सेवा करण्यात जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मोठा वाटा आहे तो फेऱ्यांचा. श्वासाची तपासणी एका दिवशी, गिळण्याची दुसऱ्या दिवशी, मेंदूचे डॉक्टर तिसऱ्या आठवड्यात, व्यायामवाले चौथ्या. इमारत एकच, कधी कधी मजलाही एकच. आमची एक फेरी म्हणजे तिला उचलून खुर्चीत बसवणं, मान पट्ट्याने सांभाळणं, श्वासाचं यंत्र आणि लाळ ओढायचं यंत्र बरोबर घेणं, बॅटरी पुरेल ना याची धाकधूक, आणि मग रांग. घरी आल्यावर ती थकून इतकी निपचित पडते, की दुसरा दिवसही हातातून जातो. म्हणजे चार तपासण्यांत महिन्याचे आठ दिवस गेले.

या आजाराचं सविस्तर वर्णन फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये केलं. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली आणि आजही तो मागे फिरवणारं औषध नाही. रिल्युझोल या औषधाला १९९५ मध्ये मान्यता मिळाली, ते त्याची गती थोडी कमी करतं, एवढंच. बहुतेक रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात. भेटायला येणारे सांगतात, ते शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग जगले की! हॉकिंग यांना १९६३ मध्ये याच आजाराचं निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरं आहे. पण ते फार विरळा उदाहरण आहे, आणि सांगणाऱ्याचं मन चांगलं असलं तरी ते ऐकताना बायकोचे डोळे मिटतात, हे मी पाहिलं आहे.

तर असा हा आजार. आणि तरी एका कार्यालयाला दर वर्षी दाखला लागतो, की आजार अजून आहे. रुग्ण समक्ष हवा. गेल्या वर्षी साडेतीन तास आम्ही एका बोळात बसलो होतो. माझ्या बायकोच्या हनुवटीखालचा रुमाल मी सहा वेळा बदलला. आतल्या बाईंनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं, शिक्का मारला. त्या बाईंवर माझा राग नाही, त्यांच्यासमोर कागदांचा ढीग होता. राग त्या नियमावर आहे, ज्याला उरलेल्या मोजक्या वर्षांतले साडेतीन तास म्हणजे काय हे कळत नाही.

आता आनंदाविषयी लिहितो, कारण या पत्राचा खरा विषय तोच आहे, आणि त्याबद्दल सरकारी कागदांत मी कुठे काही वाचलेलं नाही.

आजारी माणसाच्या घरात आनंद असतो. तो लपवावा लागतो, हे त्यातलं दुःख. एकदा आमच्याकडून हसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "अरे वा, बरं आहे वाटतं आता?" मी एकदम ओशाळलो, जणू चोरी पकडली गेली. बरं काहीच नव्हतं. आम्ही शब्दकोडं सोडवत होतो. मी ओळी वाचतो, ती अक्षरं देते. माझं उत्तर चुकीचं असलं की ती मला ते पेनने लिहू देते, आणि चार शब्दांनंतर सगळं अडलं की डोळे बारीक करून हसते. तिला आधीच ठाऊक असतं! गाल हलत नाहीत, पण हसू कुठून दिसतं ते मला कळतं.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला खिडकीतून उन्हाचा एक पट्टा तिच्या डाव्या हातावर येतो. हात हलत नाही, पण स्पर्श पूर्ण कळतो. या आजारात हालचाल जाते, स्पर्श सहसा जात नाही. पट्टा मनगटापासून सरकत बोटांच्या टोकापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात. ज्या दिवशी फेरी नसते, त्या दिवशी मी शेजारी बसतो आणि दोघं तो पट्टा बघतो. बोलत नाही. आठवड्यातली आमची सगळ्यात चांगली वीस मिनिटं ती.

सुझन फोकमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काही पुरुषांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांचे जोडीदार एड्सने आजारी होते आणि हे पुरुष त्यांची शुश्रूषा करत होते. सुरुवातीला प्रश्न फक्त त्रासाबद्दल होते. तेव्हा मुलाखत देणाऱ्यांनीच संशोधकांना सांगितलं, की तुम्ही आम्हाला चांगल्या गोष्टींबद्दल विचारतच नाही. मग तो प्रश्न घातला गेला, आणि जवळजवळ प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, काही ना काही सांगितलं. बहुतेक गोष्टी अगदी साध्या होत्या. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. मी विचित्र नव्हतो.

चार वर्षांत माझी बायको किती तरी डॉक्टरांपुढे गेली. चांगली माणसं होती बरीचशी. वजन विचारलं, श्वास विचारला, झोप विचारली. आजचा दिवस कसा गेला, काही आवडलं का, हे तिला कुणी विचारलं नाही. मलाही नाही. आणि मग मीही विचारेनासा झालो. ती सात अक्षरं मला उद्देशून होती, पण महोदय, ती आपल्या खात्यालाही लागू आहेत.

हे काही जगावेगळं मागणं नाही. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची असते, नात्यांची असते, जगण्याच्या अर्थाचीही असते, आणि तिच्याकडे एकत्रच पाहिलं पाहिजे, हे त्यांनी मांडलं. आज जागतिक आरोग्य संघटना पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेची, व्याख्या करताना रुग्णाबरोबर कुटुंबाचंही नाव घेते. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सगळ्या देशांना ही सेवा आपल्या आरोग्यव्यवस्थेत आणायला सांगितलं. तरी याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि मिळते ती १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना. पॅलिएटिव्ह म्हटलं की आपल्याकडे लोक शेवटच्या चार दिवसांचं बोलतात. ती निदान झाल्या दिवसापासून हवी असते.

ती वेळेवर मिळाली असती तर काय झालं असतं, याचं एकच उदाहरण देतो. वाचा जाण्याआधी रुग्णाचा आवाज नोंदवून ठेवता येतो आणि पुढे यंत्र त्याच्याच आवाजात बोलू शकतं. व्हॉइस बँकिंग म्हणतात. हे मला कळलं तेव्हा तिची जीभ जड होऊन तीन महिने झाले होते. निदानाच्या दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. आता माझ्या फोनमध्ये तिचा सात सेकंदांचा एक निरोप आहे : "किल्ली शेजारी दिली आहे, उशीर करू नकोस." मी तो महिन्यातून एकदाच ऐकतो, झिजेल अशी भीती वाटते. फोनमधला आवाज झिजत नाही हे माहीत आहे मला.

अनेक देशांत या आजाराची अशी क्लिनिकं आहेत, जिथे सगळे तज्ज्ञ एकाच दिवशी, एकाच ठिकाणी रुग्णाला भेटतात. आपल्या रुग्णालयांत डॉक्टर तेच, खोल्या त्याच, फक्त तारखा एकत्र करायच्या. महिन्यातले सहा दिवस आम्हाला परत मिळतील.

आणि घरी कुणीतरी यावं. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं छोटं काम सुरू केलं. त्यातून पुढे साधे शेजारीपाजारी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं. मला परिचारिका चोवीस तास नको. लाळ ओढायचं यंत्र चालवता येणारं एक माणूस आठवड्यातून दोन तास आलं, तर मी झोपेन, किंवा नुसता चालून येईन. १९९९ मध्ये अमेरिकेत वयस्क जोडप्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचा धोका चार वर्षांत ६३ टक्क्यांनी जास्त दिसला. मला माझ्या जिवाची काळजी फारशी नाही. पण पुठ्ठा वाचता येणारा घरात मी एकटाच आहे.

ज्या आजाराला परतीची वाट नाही, त्याचा दाखला एकदाच द्यावा. कायमचा. फार तर डॉक्टरांच्या पत्रावर, किंवा आपला माणूस आमच्या दारात पाठवून. आणि जिथे कुठे रुग्णाचा कागद भरला जातो, तिथे एक ओळ त्याच्यासाठी आणि एक त्याच्या जोडीदारासाठी असावी : या आठवड्यात काय बरं वाटलं? उत्तर लिहून घेणाऱ्याने थोडं थांबावं. काही उत्तरांना वेळ लागतो.

पुढच्या महिन्यात आमचा दाखला संपतो. सकाळी साडेदहाला हजर राहण्याची सूचना आली आहे. त्या वेळी ऊन तिच्या मनगटावर असतं. मी तिला विचारलं, जायचं का? तिने डोळे मिटले.

तिला नेल्याशिवाय काम होईल अशी व्यवस्था त्या तारखेच्या आत करावी, ही विनंती.

आपला,
एका आजारी पत्नीचा नवरा