सामायिक संगणक प्रणालीचा हिशेब प्रत्येकाच्या वहीत वेगळा मांडा : मा. पणन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी हिंगणघाट तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब सांभाळतो. बाजार समिती, अडते, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) आणि आमच्यासारख्या कंपन्या यांना जोडणाऱ्या संगणक प्रणालींना मंजुरी देताना त्यांची किफायत ज्या पद्धतीने तपासली जाते, ती बदलावी, अशी माझी विनंती आहे.

कापसाच्या गाडीचे वजन आधी काटापट्टीवर लिहिले जाते, मग समितीच्या नोंदीत, मग जिनिंगच्या संगणकात आणि अखेर हिशेबपट्टीवर. दरवेळी लिहिणारा माणूस वेगळा असतो. आमच्या एका सभासदाच्या १८.४० क्विंटलचे पुढच्या नोंदीत १४.८० झाले, आणि ऐन हरभऱ्याच्या पेरणीत चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, अडकल्यामुळे त्या माणसाने कार्बनची पुसट प्रत खिशात घेऊन नऊ दिवस हेलपाटे घातले. हा त्रास संपावा म्हणून आम्ही चार संस्थांनी मिळून एक प्रणाली घेतली.

प्रकल्प अहवालात चौघांची बचत एकत्र मिळवून गुंतवणूक तीन वर्षांत वसूल होईल, असे दाखवले होते. बेरीज बरोबर होती, परंतु ती कोणा एकाच्याही वहीतली नव्हती. नोंदी भरण्याचे काम आमच्या काट्यावर आणि अडत्याकडे आले, तर गाड्या कधी येणार हे आधी कळून पाळ्या नीट लावता येण्याचा लाभ जिनिंगला झाला. अडत्याच्या पदरात काहीच पडत नसल्याने दुसऱ्या हंगामात त्याने नोंदी थांबवल्या. चौघांतला एक गेल्यावर उपयोग चौथाईने कमी होईल, असे अहवाल वाचणाऱ्याला वाटेल. प्रत्यक्षात साखळीच तुटली, सगळे पुन्हा कागदावर आले आणि परवान्याचे वार्षिक शुल्क मात्र आम्ही भरत राहिलो.

म्हणून प्रत्येक सहभागी संस्थेचा खर्च, वाढणारे काम आणि लाभ वेगळा मांडल्याशिवाय, आणि ज्याला तोटा आहे त्याला लाभ होणाऱ्याकडून क्विंटलमागे किती मोबदला मिळेल हे लेखी ठरल्याशिवाय, अनुदान देऊ नये. एखादी संस्था बाहेर पडली तर काय उरते, याचाही हिशेब त्यात असावा.

खरेदीपूर्वी एक पूर्ण हंगाम मोजमाप व्हावे : सौद्यापासून चुकाऱ्यापर्यंत किती दिवस लागतात, वजनाच्या किती तक्रारी येतात. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या केंद्राच्या ऑनलाइन शेतमाल बाजाराच्या आढाव्यातही जोडलेल्या समित्या आणि नोंदणीकृत शेतकरी यांचे आकडे पुढे येतात. आमच्या गावात मात्र पैसे किती दिवसांत आले, हेच विचारले जाते.

काही लाभ रुपयांत बसत नाहीत, तरी ते नोंदवावेत. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांवरचा कापूस घेत नाहीत. जिनिंगवरील ओलाव्याची नोंद त्याच दिवशी आमच्याकडे परत आली, तर कोणाचा कापूस आणखी दोन उन्हे द्यायचा हे गाडी भरण्याआधीच सांगता येईल. आमच्या अहवालात या गोष्टीचा उल्लेखही नव्हता.

आमच्या काट्याची तीन हंगामांची नोंदवही आपल्या अधिकाऱ्यांना तपासणीसाठी देण्यास आमची कंपनी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा