ओएनजीसीचा पैसा विहिरीत जाऊ द्या : केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालय, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

महोदय,

आमच्या डोंबिवलीच्या घरात शोकेसमध्ये औषधाची एक जुनी बाटली आहे. तिच्यात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे तेल आहे, हिरवट-काळे. माझे वडील तिथे प्लॅटफॉर्मवर कामाला होते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. डिसेंबर-जानेवारीत ती बाटली आडवी केली तरी आतले तेल जागचे हलत नाही, कारण या तेलात मेण फार. लहानपणी पाहुणे आले की आम्ही भावंडे ही गंमत दाखवायचो. बाबांची पाळी गणपतीत आली की आरती काका करायचे, आणि आई म्हणायची, देशाला तेल लागतं ना, मग जाऊ दे.

मी सनदी लेखापाल आहे. कंपन्यांचे मूल्यांकन हे माझे रोजचे काम. बाबा गेल्यावर त्यांच्या नावावरचे ओएनजीसीचे, म्हणजे तेल आणि वायू काढणाऱ्या सरकारी कंपनीचे, शेअर माझ्याकडे आले. २००४ च्या मार्चमध्ये सरकारने आपला दहा टक्के हिस्सा विकला तेव्हा त्यांनी ते घेतले होते. विक्रीचा भाव होता ७५० रुपये. बोनस शेअर आणि शेअरचे विभाजन धरले तर तेव्हाच्या एका शेअरचे आज नऊ झाले आहेत, म्हणजे आजच्या हिशोबाने तो सुमारे ८३ रुपयांना पडला. त्यांचे नुकसान झालेले नाही. वर लाभांशही नियमित मिळाला. तेव्हा हे पत्र बुडालेल्या गुंतवणूकदाराचे गाऱ्हाणे नाही, हे आधीच सांगते.

मला बोलायचे आहे ते या कंपनीची किंमत बाजार कशी ठरवतो याबद्दल, आणि ती कमी राहण्यात दिल्लीचा वाटा किती आहे याबद्दल.

तेलक्षेत्राची किंमत काढायची रीत तशी सोपी आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जमिनीखालून किती पिंपे (बॅरल) तेल निघेल याचा अंदाज घ्यायचा. दरवर्षी विहिरीचा दाब उतरतो, तेलाबरोबर पाणी जास्त येऊ लागते, ती घट धरायची. पिंपाचा भाव धरायचा, त्यातून खर्च, रॉयल्टी आणि उपकर वजा करायचे. जे उरेल ते आजच्या पैशात आणायचे. सगळी मेख या शेवटच्या पायरीत आहे. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये दहा टक्के दराने आज ३८ रुपये ५५ पैसे होतात. तेच चौदा टक्के दराने २६ रुपये ९७ पैसे. विहीर तीच, तेल तेवढेच, आणि किंमत जवळजवळ एक तृतीयांशाने खाली. हे वरचे चार टक्के कशाचे, तर भरवशाच्या अभावाचे. पुढच्या वर्षी कर काय असेल, कंपनीचा पैसा कंपनीकडे राहील का, हे सांगता येत नसले की गुंतवणूकदार दर वाढवतो. मीही वाढवते. माझ्या अशिलाच्या पैशाची जबाबदारी माझ्यावर असते.

२०२२ चेच पाहा. १ जुलैला देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचे विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क लागले. युक्रेनच्या युद्धाने भाव भडकले होते, सरकारला त्यातला वाटा हवा होता, हे मी समजू शकते. पण तो दर दर पंधरवड्याला बदलत गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत तसाच बदलत राहिला. शिवाय २० टक्के उपकर आणि रॉयल्टी आधीपासून होतीच. भाव चढले की वरचा नफा सरकारचा आणि भाव पडले की तोटा कंपनीचा, असे चित्र गुंतवणूकदारासमोर उभे राहिले. समुद्रात विहीर खोदायला निघालेल्या माणसाला वीस वर्षांचे गणित मांडायचे असते, पंधरा दिवसांचे नाही.

आता मुख्य गोष्ट.

जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने सरकारकडून एचपीसीएल या तेल शुद्ध करून विकणाऱ्या सरकारी कंपनीचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. शेअरमागे ४७३.९७ रुपये, म्हणजे व्यवहार जाहीर होण्याआधीच्या बाजारभावापेक्षा सुमारे चौदा टक्के जास्त. त्यासाठी कंपनीने २४ हजार कोटींहून अधिक कर्ज काढले. सरकारच्या हिशोबात हा पैसा निर्गुंतवणूक म्हणून जमा झाला आणि त्या वर्षीचे उद्दिष्ट ओलांडले गेले. पण एचपीसीएल आधीही सरकारच्या ताब्यात होती आणि नंतरही राहिली. या व्यवहारातून देशात तेलाचा एक थेंब वाढला नाही. घरात एका भावाच्या खिशातले पैसे दुसऱ्याच्या खिशात गेले, आणि ज्याच्या खिशातून गेले त्याला विहिरी खोदायच्या होत्या.

तेल काढणे आणि शुद्ध करणे दोन्ही करणारी एकात्मिक कंपनी बलवान होते, भाव पडले की रिफायनरी सावरून घेते, हा तेव्हाचा युक्तिवाद मला माहीत आहे. तो खोटा नाही. जगातल्या मोठ्या कंपन्या तशाच चालतात. पण त्या कंपन्या असा निर्णय स्वतः घेतात, आपल्या भागधारकांपुढे त्याचे समर्थन करतात आणि चुकले तर त्यांच्या प्रमुखांना घरी जावे लागते. इथे विकणारा सरकार, घेणाऱ्या कंपनीचा मालक सरकार, आणि छोट्या भागधारकाला कोणी विचारलेले नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी, २०१७ मध्ये, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दीनदयाळ क्षेत्रातला गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाचा ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने घेतला. त्या क्षेत्रासाठी ९९ कोटी ५० लाख डॉलर, इतर शोधांसाठी २० कोटी डॉलर, मिळून ७,७३८ कोटी रुपये. याच क्षेत्रात २० लाख कोटी घनफूट वायू असल्याची घोषणा २००५ मध्ये झाली होती. पुढे मंजूर झालेल्या विकास आराखड्यात तो आकडा सुमारे दशांशावर आला. दाब आणि तापमान इतके की विहिरी खोदणेच कठीण, आणि खडकातून वायू सहज वाहत नाही. हे सगळे २०१७ मध्ये कागदोपत्री माहीत होते. महालेखापरीक्षकांनी गुजरातच्या त्या महामंडळाबद्दल त्याआधीच ताशेरे ओढले होते. तरीही ही किंमत दिली गेली.

हे एकाच पक्षाच्या सरकारने केले असेही नाही. २०१३-१४ या एका वर्षात डिझेल, रॉकेल आणि घरगुती गॅसच्या अनुदानापोटी ओएनजीसीने तेल कंपन्यांना ५६,३८४ कोटी रुपयांची सूट दिली. मार्च २०१४ मध्ये इंडियन ऑइलचा दहा टक्के सरकारी हिस्सा ओएनजीसी आणि ऑइल इंडियाच्या गळ्यात घातला गेला. गरिबाला रॉकेल स्वस्त मिळाले पाहिजे याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. तो खर्च अर्थसंकल्पात दिसायला हवा होता, एवढेच.

कंपनीच्या स्वतःच्या चुकाही मी लपवणार नाही. २००८ च्या जुलैत तेल १४७ डॉलरवर गेले होते. त्या तेजीत ठरलेला इम्पीरियल एनर्जी ही कंपनी घेण्याचा सौदा ओएनजीसी विदेश या परदेशात काम करणाऱ्या उपकंपनीने जानेवारी २००९ मध्ये, भाव कोसळलेले असताना, सुमारे २१० कोटी डॉलर देऊन पुरा केला. सायबेरियातल्या त्या विहिरींनी अपेक्षेइतके तेल कधीच दिले नाही. साठ्यांचा अंदाज चुकतो, मोठमोठ्यांचा चुकतो. शेलसारख्या कंपनीने २००४ च्या जानेवारीत आपल्या सिद्ध साठ्यांतला एक पंचमांश हिशोबातून काढून टाकला आणि अध्यक्षांना पद सोडावे लागले. आपल्याकडे रिलायन्सच्या कृष्णा-गोदावरी डी-६ क्षेत्रात २००९ ला वायू सुरू झाला, २०१० मध्ये दिवसाला सहा कोटी घनमीटरवर गेला आणि मग घसरत राहिला. जमिनीखालचा अंदाज चुकणे या धंद्यात धरलेलेच असते, आणि गुंतवणूकदार तेवढी जोखीम घेतो. मालकाच्या मनात काय आहे याची जोखीम मात्र त्याला मोजता येत नाही. तेलाचा भाव चढूनही ओएनजीसीचा शेअर मागे रेंगाळतो, त्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

बाकीच्या जगात आज पैसा कुठे वाहतो आहे हेही पाहायला हवे. २०१४ नंतर शोध आणि उत्पादनातली गुंतवणूक कमी झाली ती पुन्हा त्या पातळीवर गेलेली नाही. मोठ्या कंपन्या भागधारकांना पैसे परत देतात, किंवा सापडलेले साठे विकत घेतात. एक्सॉनने पायोनियर ही कंपनी घेतली, शेव्हरॉनने गयानातल्या साठ्यासाठी हेस ही कंपनी घेतली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२५ मध्ये सांगितले की २०१९ पासूनच्या या क्षेत्रातल्या गुंतवणुकीपैकी जवळजवळ ९० टक्के रक्कम केवळ जुन्या क्षेत्रांची घट भरून काढण्यात जाते. तेल-वायू शोधाचे भूखंड देण्याच्या आपल्या खुल्या परवाना फेऱ्यांमध्ये परकी बड्या कंपन्या फारशा आल्या नाहीत, बहुतेक भूखंड ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि वेदांतानेच घेतले. म्हणजे आपल्या समुद्रात नवी विहीर खोदणारे हात मोजके, आणि त्यांतला सर्वांत मोठा हात ओएनजीसीचा.

मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी उद्दिष्ट ठेवले होते की २०२२ पर्यंत तेलाच्या आयातीवरचे अवलंबित्व दहा टक्क्यांनी कमी करायचे. तेव्हा ते सुमारे ७७ टक्के होते. आज ८८ च्या घरात आहे. २०११-१२ मध्ये देशात ३ कोटी ८० लाख टन कच्चे तेल निघाले, २०२४-२५ मध्ये २ कोटी ९० लाख टनांपेक्षा कमी. जुनी क्षेत्रे म्हातारी झाली हे खरेच. पण म्हाताऱ्या क्षेत्रालाच जास्त पैसा लागतो.

मुंबई हायचा शोध फेब्रुवारी १९७४ मध्ये लागला, सागर सम्राट या समुद्रात खोदकाम करणाऱ्या रिगवरून. मे १९७६ मध्ये तेल यायला लागले. सव्वादोन वर्षांत, किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, ज्यांना समुद्रातल्या तेलाच्या कामाचा फारसा अनुभव नव्हता अशा लोकांनी ते केले. तिथले अनेक प्लॅटफॉर्म आता आपले ठरलेले आयुष्य ओलांडून उभे आहेत. बाबा सांगायचे, जिन्याच्या पायऱ्यांवर रंग खरवडला की खाली गंज दिसतो, आणि एका टोकापासून रंग देत गेलात तर दुसरे टोक येईपर्यंत पहिले पुन्हा गंजलेले असते. २७ जुलै २००५ ला, मुंबई पाण्यात असताना, उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मवर जहाज आदळून आग लागली आणि २२ माणसे गेली. बाबा त्या पाळीत घरी होते. दोन दिवस ते फोनजवळून उठले नाहीत.

गेल्या वर्षी जानेवारीत, २०२५ मध्ये, मुंबई हायसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची निवड झाली. दहा वर्षांत उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असे सांगितले गेले. मला मनापासून आनंद झाला. २०२५ च्या सुधारित तेलक्षेत्र कायद्याने तेल काढण्याच्या पट्ट्यांच्या (लीजच्या) मुदती आणि अटींना स्थैर्य देऊ केले, त्याचेही स्वागत आहे. पण परक्या कंपनीला अटींच्या स्थैर्याचा शब्द मिळतो, तसा तो आपल्या कंपनीलाही मिळायला हवा.

म्हणून मागणे असे. यापुढे सरकार आपला हिस्सा दुसऱ्या सरकारी कंपनीला विकणार असेल, तर स्वतंत्र मूल्यांकनाचा पूर्ण अहवाल व्यवहाराआधी संसदेच्या पटलावर यावा, आणि त्या ठरावावर सरकारने मतदान न करता उरलेल्या भागधारकांनी करावे. सरकारी कंपन्यांमधल्या व्यवहारांना अशा मतदानातून जी सूट आहे ती काढून टाकावी. ओएनजीसीत सरकारचा वाटा ५८.८९ टक्के आहे. उरलेल्या ४१ टक्क्यांत आयुर्विमा महामंडळ आहे, म्हणजे कोट्यवधी विमाधारक आहेत, आणि बाबांसारखी माणसेही आहेत. साठ्यांचे आकडे दरवर्षी क्षेत्रवार, त्रयस्थाकडून तपासून जाहीर व्हावेत, मागच्या वर्षीचा अंदाज किती चुकला तेही त्यात यावे. आणि सरकारला मिळणाऱ्या लाभांशातला ठरावीक भाग किमान दहा वर्षे नव्या विहिरींसाठी परत देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घ्यावा. २०२३-२४ मध्ये कंपनीने शेअरमागे १२ रुपये २५ पैसे लाभांश दिला. त्यातला माझा वाटा कमी झाला तरी चालेल, पण तो पैसा समुद्रात गेलेला मला दिसला पाहिजे.

उत्तर लिहायला आपल्याला वेळ नसेल तर एकच करा. २०१८ चा एचपीसीएलचा आणि २०१७ चा दीनदयाळचा, दोन्ही मूल्यांकन अहवाल त्यांच्या गृहीतकांसह जसेच्या तसे संसदेच्या पटलावर ठेवा. कोणता भाव धरला, कोणता दर धरला, किती पिंपे आणि किती वायू धरला, ते मी स्वतः वाचीन.

कळावे,

आपली विश्वासू,
ओएनजीसीची एक भागधारक,
डोंबिवली