मताधिकार दिला गेला नाही, मिळवला गेला

संपादक महोदय,

स्त्रियांना मताधिकार ‘देण्यात आला’ असे सर्रास लिहिले जाते, ते मला मनापासून खटकते. न्यूझीलंडमध्ये केट शेपर्ड आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, १८९३ च्या मुख्य अर्जाचे ५०० हून अधिक कागद एकाखाली एक चिकटवून त्यांची गुंडाळी केली, आणि संसदेत ती उलगडली तेव्हा तिचे टोक थेट सभागृहाच्या भिंतीला जाऊन आदळले. कागदाला कागद डकवणाऱ्या त्या हातांचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला कायदा झाला खरा; पण स्त्रियांना उमेदवारीचा हक्क १९१९ साली मिळाला, आणि पहिली स्त्री, एलिझाबेथ मॅककॉम्ब्स, संसदेत पोहोचायला १९३३ उजाडले. म्हणजे मत टाकणे आणि प्रत्यक्ष सभागृहात बसून बोलणे यांत ४० वर्षे गेली! स्वित्झर्लंडमध्ये तर राष्ट्रीय पातळीवरील मतदानासाठीच १९७१ पर्यंत थांबावे लागले, तेही पुरुषांच्या सार्वमतावर विसंबून. निदान वृत्तपत्रांनी तरी यापुढे ‘मिळवला’ हेच क्रियापद वापरावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक