अजून ११२ सामने आहेत

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
२४ मे २०१९

प्रिय सुलू,

तुझा सकाळचा निरोप वाचला. "नले, पुरे झालं. जीव नको जाळूस, पुढच्या वर्षी बघू." तू मायेनं लिहिलंस हे कळतं, पण मला ते पटलेलं नाही. का पटलं नाही हे फोनवरच्या दोन ओळींत मावणार नाही, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस, कारण लांबणार आहे.

वाईट ते आधी सांगून टाकते. आपल्या वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाचे न्यूयॉर्कला मेट्सविरुद्ध चार सामने होते, चारही हरलो. सोमवारी ५-३, मंगळवारी ६-५, बुधवारी ६-१, काल ६-४. तू रोज पहाटे उठून फक्त आकडा बघतेस, म्हणून बुधवारचा ६-१ तुला दणदणीत पराभव वाटला असेल. तसं नव्हतं गं. आपला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मॅक्स शर्झर. त्यानं नऊपैकी सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही. आठव्या इनिंगपर्यंत १-० अशी आपली आघाडी होती. मग बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातून, एकेक जण येत गेला, शॉन डूलिटलही आला, तिन्ही बेसवर मेट्सचे धावक उभे राहिले आणि हुआन लागारेसनं त्याच्यावर डबल, म्हणजे स्वतःला दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारून तिघांचेही रन पूर्ण करून दिले. त्यावर कडी म्हणजे राजाई डेव्हिस. ३८ वर्षांचा माणूस, त्याच दिवशी मेट्सनी खालच्या संघातून बोलावून घेतलेला, सामना सुरू झाल्यावर भाड्याची गाडी करून मैदानात पोचलेला. तो पहिल्यांदा बॅट घेऊन उभा राहिला आणि त्यानं तीन रनांचा होमरन मारला, आपल्या षटकारासारखा चेंडू थेट बाहेर. शर्झरच्या सहा इनिंग मातीत गेल्या.

काल तर त्याहून वाईट. आठव्या इनिंगमध्ये आपल्या हॉवी केंड्रिकला पंचांनी स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद दिला, त्यावरून वाद झाला आणि आपला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेव्ही मार्टिनेझ मैदानातून हाकलला गेला. एरवी शांत असणारा हा माणूस टोपी फेकून मातीला लाथा मारत होता. त्यानंतर पोरांनी खरोखर जोर करून ४-३ अशी आघाडी घेतली. आणि त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात आपल्या वॉन्डर सुएरोच्या चेंडूवर मेट्सच्या कार्लोस गोमेझचा तीन रनांचा होमरन. मी ऑफिसात एका कानात इअरफोन घालून रेडिओ ऐकत होते. चार्ली स्लोज आणि डेव्ह जेगलर ही आपली नेहमीची जोडी, पण त्यांचाही आवाज बसला होता.

तर या मोसमात आतापर्यंत १९ विजय, ३१ पराभव. विभागात चौथे. खाली फक्त मायामी.

आता माझं म्हणणं ऐक. हे चार सामने नीट बघितलेस तर एकाच ठिकाणी रक्त वाहतंय हे दिसेल. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारा पिचर पाच, सहा, फार तर सात इनिंग टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. उरलेल्या दोन-तीन इनिंग बुलपेनमधले लोक टाकतात. आपल्या बुलपेनची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, सातच्या आसपास आहे. दोन्ही लीगमधल्या ३० संघांत इतकं वाईट कुणाचंच नाही. त्याच बुलपेनमधल्या ट्रेव्हर रोझेन्थलचं तुला मागे लिहिलं होतं. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर तो मोठ्या आशेनं आला आणि पहिल्या चारही वेळा एकाही बॅटरला बाद न करता परत गेला. त्याची सरासरी मांडताच येत नव्हती, फलकावर अनंताचं चिन्ह. मला त्याचं हसू आलं नाही. एके काळी ताशी १०० मैलांनी चेंडू टाकणारा माणूस, त्याला बॅटरसमोरच्या प्लेटवर नेम धरता येत नव्हता.

पण छपराचा एक कोपरा गळतो म्हणून कुणी घर विकायला काढत नाही. बाकीचं घर बघ ना. शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन. असे तीन सुरुवातीचे पिचर एकाच संघात असणं ही किती दुर्मीळ गोष्ट आहे! शर्झरनं गेल्या वर्षी ३०० स्ट्राइकआउट घेतले, उत्तम पिचरला मिळणारे साय यंग पुरस्कार तीनदा त्याच्या नावावर आहेत, आणि तरी यंदा त्याच्या खात्यात विजय आहेत दोन, पराभव पाच. त्यानं वाईट टाकल्यामुळे नाही, तो बाहेर गेल्यावर जे होतं त्यामुळे आणि तो आत असताना आपण रन काढत नाही त्यामुळे. कॉर्बिनला सहा वर्षांसाठी १४ कोटी डॉलर दिले तेव्हा लोक नावं ठेवत होते. मला तो व्यवहार तेव्हाही बरोबर वाटला होता.

आणि बॅटर? इथे लोक आपला जुना बॅटर ब्राइस हार्परचं नाव काढतात. तो गेला, फिलाडेल्फियानं त्याला १३ वर्षांसाठी ३३ कोटी डॉलर दिले, तो विषय माझ्यापुरता संपला. खरं दुखणं वेगळं आहे. २ एप्रिलला हार्पर पाहुणा म्हणून पहिल्यांदा आपल्या मैदानात आला, सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे, आणि त्याच सामन्यात बंट करायला, म्हणजे चेंडू नुसता बॅटनं टेकवायला, गेलेल्या आपल्या ट्रे टर्नरच्या बोटावर चेंडू बसून हाड मोडलं. तो आत्ता १७ मेला परत आला. मधे अँथनी रेंडनच्या कोपरावर चेंडू बसला, तोही बाहेर. मग तुझा लाडका सोटो पाठ धरून बसला. रायन झिमरमन पायाच्या दुखण्यानं अजून बाहेरच आहे. म्हणजे ज्या संघाच्या भरवशावर आपण मार्चमध्ये गप्पा मारत होतो, तो संघ या ५० सामन्यांत असा किती वेळा मैदानात उतरला? टर्नर, रेंडन, सोटो, केंड्रिक, ईटन आणि तो धावरा पोरगा व्हिक्टर रोब्लेस, हे सगळे एकत्र खेळताना मी जेमतेम आठवडाभर बघते आहे. त्यांचा निकाल लावायला ही खूप लवकरची वेळ आहे.

आता गणित. मोसम १६२ सामन्यांचा, ५० झाले, ११२ उरले. साधारण ९० विजय मिळाले तर वाइल्ड कार्डच्या, म्हणजे विभाग न जिंकताही बाद फेरीत नेणाऱ्या, दोन जागांपैकी एक मिळायला हरकत नाही. त्यासाठी उरलेल्यांपैकी ७१ जिंकायचे आणि ४१ हरायचे. दर आठ सामन्यांत पाच. अवघड आहे, खोटं सांगत नाही. चांगला संघ चांगल्या वर्षात जसा खेळतो तसं आता रोज खेळावं लागेल. पण अशक्य नाही, आणि हे मी नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

२००३ सालची मायामीची गोष्ट घे, तेव्हा तो संघ फ्लोरिडा मार्लिन्स म्हणून खेळायचा. २२ मेला त्यांचे विजय १९ आणि पराभव २९. जवळपास आपल्यासारखंच. त्या वर्षी ९१ सामने जिंकून त्यांनी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे शेवटच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, यांकीजना हरवलं. दुसरं, २००५ सालचं ह्यूस्टन. २४ मे, म्हणजे बरोबर आजच्याच तारखेला, १५ विजय, ३० पराभव. १ जूनला तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रानं संघाच्या नावानं थडग्याचं चित्र छापलं. ८९ विजय मिळवून तो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. तिथे हरला, पण गेला. आणि अगदी जुनी, १९१४ सालच्या बोस्टन ब्रेव्ह्जची. ४ जुलैला सगळ्यांच्या खाली, पहिल्या क्रमांकापासून १५ सामने मागे. शेवटी नुसती लीग जिंकली नाही, तर वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाला चार सरळ सामन्यांत हरवलं.

या तिघांत सारखं काय, सांगू? सुरुवातीचे पिचर. मार्लिन्सकडे जॉश बेकेट, ब्रॅड पेनी आणि मे महिन्यात नव्यानं आलेला डॉन्ट्रेल विलिस होता. ह्यूस्टनकडे क्लेमन्स, पेटिट आणि ऑस्वॉल्ट. बोस्टनकडे डिक रुडॉल्फ आणि बिल जेम्स, दोघांनी मिळून त्या वर्षी ५२ विजय घेतले. बॅटिंग महिनाभर चमकते, पुढचा महिना झोपते. पण दर पाच दिवसांतले तीन दिवस ज्याच्याकडे पहिल्या दर्जाचा पिचर असतो, तो संघ फार काळ सलग हरू शकत नाही. माझी सगळी आशा यावर उभी आहे. नशिबावर नाही.

तू म्हणशील, आपली मुंबई इंडियन्स २०१५ मध्ये पहिले चार सामने हरून चषक घेऊन आलीच की. हो, आणि आदल्या वर्षी पहिले पाच हरूनही वानखेडेवर राजस्थानविरुद्ध आदित्य तारेच्या त्या षटकारानं बाद फेरीत शिरली. तू तेव्हा केलेला फोन मला अजून आठवतो, ओरडून ओरडून तुझा घसा बसला होता. पण तिथे साखळीत सामने १४. एखादा भन्नाट आठवडा पुरतो. इथे आठवड्याच्या जादूनं काही होत नाही. इथे रोज, जवळजवळ रोज, सहा महिने खेळायचं. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मला याच गोष्टीनं या खेळाकडे ओढलं. इतक्या सामन्यांत खरी लायकी लपून राहत नाही. २००५ मध्ये हा संघ मॉन्ट्रिअलहून इथे आला, तेव्हा पहिल्या अर्ध्यात ५० जिंकले आणि ३१ हरले, दुसऱ्या अर्ध्यात ३१ जिंकले आणि ५० हरले. आधीचं यश ही सूज होती, ती उतरली. तसाच आत्ताचा ताप उतरू शकतो.

मॅनेजरला काढा म्हणून इथे ओरड चालू आहे. मला ते मान्य नाही. पिचिंग कोच डेरेक लिलिक्विस्टला २ मेला काढलंच, त्यानं बुलपेन सुधारलं का? मार्लिन्सनी २००३ मध्ये मॅनेजर बदलला होता, हे खरं. ७२ वर्षांच्या जॅक मकिऑनना आणलं आणि ते लागू पडलं. पण ह्यूस्टननं फिल गार्नरला ठेवलं आणि तेही लागू पडलं. मार्टिनेझच्या काही चाली मलाही खटकतात, पिचर कधी बदलावा याचा त्याला अंदाज येत नाही असं वाटतं. तरी इतके पराभव होऊनही ड्रेसिंग रूममधले खेळाडू एकमेकांवर बोटं दाखवत नाहीत. हे त्याचंच काम आहे, आणि ते मोडलं तर मग काहीच उरणार नाही.

मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ३१ जुलै. यंदा नियम बदललाय, त्या दिवसानंतर खेळाडूंची अदलाबदल पूर्ण बंद. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हार मानून डॅनियल मर्फीला शिकागोला दिलं, मॅट अ‍ॅडम्सला सेंट लुईसला, गिओ गोन्झालेझला मिलवॉकीला. तू जुलैत इथे होतीस तेव्हा मर्फीच्या नावाचा शर्ट घेऊन गेलीस आणि महिन्याभरात तो गेला. आता रेंडनचा करार या मोसमानंतर संपतोय. जुलैच्या मध्यापर्यंत आपण असेच खाली राहिलो, तर जनरल मॅनेजर माइक रिझोला त्याला विकण्याचा मोह होईल. डूलिटललाही, केंड्रिकलाही. म्हणजे आपल्या हातात ११२ सामने आहेत असं मी म्हणते खरी, पण संघाला स्वतःची बाजू मांडायला त्यातले पहिले ५० च मिळणार. त्या ५० मध्ये ३० जिंकले तर रिझो विकणार नाही, उलट बुलपेनसाठी दोन माणसं विकत घेईल. आणि बुलपेनमध्ये नुसती दोन धड माणसं आली ना, तरी चित्र पालटेल.

अजून एक सांगते, पण हे फक्त तुला, इथे कुणाला बोलले तर वेड्यात काढतील. हा संघ कसाबसा ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत पोचला, तर कुणालाही जड जाईल. तिथे मधे सुट्टीचे दिवस असतात, चार-पाच पिचरांवर भागतं, सुरुवात करणारा गरज पडली तर मागूनही येतो. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरनं वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात मागून येऊन पाच इनिंग टाकल्या होत्या. शर्झर, स्ट्रासबर्ग आणि कॉर्बिन यांना तशी संधी मिळाली तर? आपण २०१२, २०१४, २०१६, २०१७, चारही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. २०१२ चं तर बोलायला नको, ६-० ची आघाडी घालवून. या शहरानं शेवटची वर्ल्ड सिरीज १९२४ मध्ये जिंकली आहे, आणि १९७१ नंतर ३३ वर्षं इथे संघच नव्हता. माझ्या शेजारच्या आजोबांनी लहानपणी जुना संघ पाहिला, तो टेक्सासला गेला तेव्हा ते रडले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना "पुढच्या वर्षी बघू" असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

आज रात्रीपासून मायामीशी घरच्या मैदानावर चार सामने आहेत. त्यांच्याशीही हरलो तर तुझा निरोप खरा मानावा लागेल. मी आणि अनघा आज जाणार आहोत, रेस्टनपर्यंत गाडी आणि तिथून मेट्रो. सोटो पाचशे फूट मारेल अशी अनघाची पैज आहे. तुझ्याकडे पहाटे साडेचार वाजले असतील, उठलीस तर नुसता आकडा बघू नकोस, आठव्या इनिंगमध्ये कोण टाकायला येतं ते बघ आणि मला लगेच कळव तुला काय वाटलं ते.

सांगलीत पाऊस कधी येतोय? वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही. मामांना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुझी,
नलू